गाळ काढला, पण विहीर कोणाची?

मुखेड तालुक्यात रब्बीची पिकं उभी असतात, त्या दिवसांत कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं लागतात. एक दत्तक गाव ठरतं. मुलं-मुली अंथरूण-पांघरूण घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्कामाला जातात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. सात दिवसांत गटारं उपसली जातात, शोषखड्डे खणले जातात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो. एखाद्या गावात जुन्या विहिरीचा गाळ काढतात. शेवटच्या दिवशी सत्कार होतो, ग्रुप फोटो निघतो आणि कॉलेजच्या फाइलीत अहवाल जातो.

अहवालात स्वयंसेवक किती, खड्डे किती, गाळ किती ब्रास निघाला हे सगळं असतं. 'या विहिरीवर गावातल्या कोणाला पाणी भरता येत नव्हतं, आणि ते कधी बदललं' असा रकाना मात्र नसतो. हा लेख त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे. तो रकाना भरायला घेतला, तर सात दिवसांच्या शिबिरात नागरी हक्कांचा जो इतिहास कळेल, तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून वर्षभरात कळत नाही.

'नागरी हक्क' म्हणजे नेमकं काय?

'नागरी हक्क चळवळ' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना अमेरिका आठवते. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आठवतात, मार्टिन ल्युथर किंग यांचं वॉशिंग्टनमधलं भाषण आठवतं. त्यात चूक काही नाही. पण भारताच्या कायद्यात 'नागरी हक्क' या शब्दाला स्वतःचा, अगदी नेमका अर्थ आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो.

१९५५ साली संसदेने अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला. १९७६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या आणि त्याचं नाव 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असं झालं. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे, संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे माणसाला जो हक्क मिळतो, तो नागरी हक्क. व्याख्या एवढीच आहे. पुढे चौथ्या कलमात यादी येते. नदी, ओढा, झरा, विहीर, तळं, पाण्याचा नळ, स्नानाचा घाट, स्मशानभूमी, शौचालय, रस्ता. दुकान आणि हॉटेल. हॉटेलातली भांडी. धार्मिक किंवा सामाजिक मिरवणूक काढणं आणि तिच्यात चालणं. अंगावर दागदागिने घालणं. यातल्या कशालाही अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव केला, तर किमान एक महिना आणि कमाल सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड.

ही यादी नीट वाचा. कायदा करणाऱ्यांनी ती कल्पनेने लिहिलेली नाही. जिथे जिथे माणसं अडवली जात होती, त्या जागांचीच नावं त्यांनी लिहून काढली. म्हणजे हे कलम एका अर्थाने भारतीय खेड्याचा नकाशा आहे. मुखेडचं कोणतंही गाव घ्या, ओढ्यापासून स्मशानापर्यंत या यादीतल्या बहुतेक जागा तिथे सापडतील.

कागदावरून पाण्यापर्यंत

या यादीत विहीर आणि तळं का आलं, त्याचा इतिहास महाडचा आहे. त्या घटनेत तारखांना महत्त्व आहे, म्हणून त्या क्रमाने पाहू.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. पण पुढची तीन वर्षं त्या तळ्याच्या पाण्याला एकाही अस्पृश्य माणसाला हात लावता आला नाही.

मग महाडला परिषद भरवायचं ठरलं. त्यासाठी धडपडणाऱ्यांमध्ये रामचंद्र बाबाजी मोरे होते, वय पंचविशीच्या आतलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये.

ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षं. आपण शाळेत यातली २० मार्च ही एकच तारीख पाठ करतो. तिच्या मागची तीन वर्षं आणि पुढची दहा वर्षं सुटून जातात, आणि खरा धडा तर त्यांच्यात आहे. ठराव होणं, तो अमलात येणं आणि तो टिकणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत, आणि प्रत्येक कामाला वेगळी माणसं लागतात. ग्रामसभेत कधी बसला असाल, तर हे लगेच पटेल.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी का?

बोले यांचा ठराव मुंबई प्रांताचा होता. मुखेड, कंधार, देगलूर हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबईच्या कायदे मंडळाचा शब्द इथे चालत नव्हता. तरीही चळवळ इथवर आलीच. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मकरणपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद झाली. १९४१ साली धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. म्हणजे निजामाची प्रजा ते समान नागरिक हा प्रवास मराठवाड्याने कागदावर दीड वर्षात केला. १९५० मध्येच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. खेड्यातून आलेली, घराण्यात कोणी शाळेची पायरी न चढलेली मुलं तिथे शिकून बाहेर पडू लागली. गावातली उतरंड जुनीच होती, आणि तिच्या तळाशी असलेल्या घरांतली मुलं पदवीधर होत होती. या ताणाचा स्फोट झाला तो १९७८ मध्ये.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली गेली, जनावरं मारली गेली, माणसांना गाव सोडावं लागलं, कामाला बोलावणं बंद झालं. वस्तीच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी घाण करण्यात आल्या. वाद होता विद्यापीठाच्या पाटीचा, आणि शिक्षा मिळाली ती पुन्हा पाण्यातूनच.

नांदेड जिल्ह्याला याची झळ फार बसली. ऑगस्ट १९७८ मध्ये टेंभुर्णी इथे पोचिराम कांबळे यांचा खून झाला. ते मातंग समाजाचे होते. नामांतराचा लढा एकाच जातीचा होता असं मानणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. जुनं नाव ठेवून नवं जोडलं, म्हणून याला नामांतराऐवजी नामविस्तार म्हणतात. ठरावापासून नावापर्यंत साडेपंधरा वर्षं गेली. महाडपेक्षा जास्तच.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. मुखेडच्या कॉलेजांतल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर आज हेच नाव असतं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाकडे येण्याआधी कोणत्या विद्यापीठाकडे होती, त्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या जिल्ह्यात काय घडलं, हे त्या गुणपत्रिका घेऊन बाहेर पडणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं?

खराटा आला, कीर्तन राहिलं

आता पुन्हा शिबिराकडे येऊ. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं, ही तिची रचना. विद्यार्थ्याने समाजात जाऊन काम करावं आणि त्या कामातून शिकावं, ही कल्पना त्यात सुरुवातीपासून आहे. प्रत्यक्षात 'काम करावं' हा भाग रुजला. 'त्यातून शिकावं' हा भाग दुपारच्या बौद्धिकात, बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या भाषणात जाऊन बसला, आणि सकाळभर फावडं मारलेली मुलं त्या वेळी पेंगत असतात.

श्रम आणि शिक्षण एकत्र कसं बांधायचं, याचा धडा महाराष्ट्राकडे आधीपासून होता. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं असत. बाबा समोरच्या लोकांना थेट विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. देवाबद्दल, नवसाच्या बकऱ्याबद्दल, कर्ज काढून केलेल्या लग्नाबद्दल, शिवाशिवीबद्दल. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. सकाळी ज्याने तुमचं अंगण झाडलं, त्याने रात्री विचारलेला अवघड प्रश्न टाळणं सोपं नसतं. श्रमदानामुळे त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळत होता.

पुढे राज्य सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावं खरोखर स्वच्छ झाली, बक्षिसं मिळाली. पण त्या अभियानात खराटा आला आणि कीर्तन मागे राहिलं. आपल्या शिबिरांचंही तेच झालं आहे.

प्रश्न विचारत गावोगाव फिरण्याचं दुसरं उदाहरण बाबा आढाव यांचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, त्यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत आली होती, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन सतरा वर्षं झाली होती, आणि तरी गावोगाव दलितांचा पाणवठा वेगळाच होता. आढाव आणि त्यांचे सहकारी गावांत गेले, पाणवठे पाहिले, कोण कुठे पाणी भरतं हे विचारलं, आणि जे दिसलं ते लिहिलं. त्याचं पुस्तकही झालं. या पद्धतीत मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. एक साधा प्रश्न, तो विचारायला गावात जाणारे पाय, आणि उत्तर टिपून ठेवणारी वही. कॉलेजातल्या कोणत्याही पोरापोरींना हे जमण्यासारखं आहे.

दुकानामागची शाळा

अशी शाळा अमेरिकेतही होती, आणि ती किंग यांच्या भाषणाआधीची आहे. साउथ कॅरोलायना राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. कृष्णवर्णीयांना शाळा नीट मिळालेली नव्हती, त्यामुळे ते आपोआप मतदार यादीबाहेर राहत. जॉन्स आयलंड या बेटावरचे ईसॉ जेंकिन्स कामगारांना बसने शहरात नेत असत. ते वाटेत बसमध्येच लोकांना घटनेतले उतारे शिकवू लागले. त्यातून सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेच्या पुढाकाराने जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांची 'नागरिकत्व शाळा' सुरू झाली. ती भरायची एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. पहिल्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन. त्या शिक्षिका नव्हत्या, केशभूषेचा आणि शिवणकामाचा व्यवसाय करत.

त्यांनी पहिल्याच दिवशी लोकांना विचारलं की तुम्हाला काय शिकायचं आहे. लोकांना स्वतःचं नाव लिहायचं होतं, बायबल वाचायचं होतं, दुकानाचा ऑर्डर फॉर्म भरायचा होता. धडे तिथून सुरू झाले आणि मतदार नोंदणीच्या अर्जापर्यंत गेले. पुढे दक्षिणेतल्या राज्यांत अशा शाळा पसरल्या आणि नागरी हक्क चळवळीचा पाया त्यांनी भरला. अमेरिकेशी आपलं हे नातं जुनंच आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं.

सात दिवसांत काय करता येईल?

समजा, मुखेडजवळच्या एखाद्या गावात शिबिर लागलं आहे. श्रमदान व्हायलाच हवं. त्याच्यासोबत काही गोष्टी करून पाहता येतील.

पहिल्या दिवशी पाण्याचा नकाशा काढा. गावातल्या सगळ्या विहिरी, आड, हातपंप, टाक्या, नळ कागदावर मांडा. प्रत्येकासमोर लिहा: कोणाच्या पैशाने, साधारण कोणत्या साली, आधी कोण वापरायचं, आता कोण वापरतं. आज घरोघरी नळ देण्याची योजना आहे, विहिरी ओस पडल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न संपला असं वाटेल. मग नळाचा विचार करा. पाइपलाइनचं शेवटचं टोक कोणत्या वस्तीत आहे? पाणी सुटल्यावर तिथे किती वेळाने पोचतं? घड्याळ लावून बघा. कारण उताराचं असेल किंवा अजून काही असेल. ते शोधणं हाच अभ्यास.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चौथ्या कलमाची यादी हातात घेऊन गाव चाला. स्मशानभूमी किती आहेत? प्रत्येकीला रस्ता आहे का, शेड आहे का? जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाते आणि कुठे वळते? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आता कोणतं नाव आहे, आणि लोकांच्या तोंडात कोणतं?

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा. शिबिराच्या दिवसांत या भागातली कितीतरी कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. घरी आजी-आजोबा आणि नातवंडं असतात. १९७८ साली जे विशीत होते, ते आज सत्तरीत आहेत. नामांतराच्या दिवसांत गावात काय झालं, किंवा काय होऊ दिलं नाही, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी. काही गावांत कोणीतरी आडवं उभं राहून वस्ती वाचवली असेल, तेही कळू द्या. मात्र इथे एक पथ्य पाळा. जिने सोसलं, ती आजी म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचं साहित्य नाही. तिला बोलायचं नसेल तर चहा घेऊन उठा. मोबाईलचं रेकॉर्डिंग तिला विचारूनच सुरू करा, आणि तिची गोष्ट स्टेटसला टाकू नका. फक्त वस्तीतल्याच माणसांना विचारू नका. 'तुमच्या घरी वेगळी कपबशी होती का?' हा प्रश्न पाटलाच्या वाड्यातही विचारता आला पाहिजे. खरं तर तिथेच आधी.

शेवटी ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. गेल्या वर्षी तो किती होता आणि कशावर खर्च झाला, हे नम्रपणे विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहितात, ते त्याच संध्याकाळी शिका.

'जुनं कशाला उकरता?'

कार्यक्रम अधिकारी म्हणून काम करणारे प्राध्यापक इथे थबकतील, आणि त्यांची भीती खोटी नाही. शिबिरातच वेगवेगळ्या जातींची मुलं असतात. गावात सात दिवस राहायचं असतं. सरपंचांनी जेवणाची सोय केलेली असते. एखाद्या प्रश्नावरून वाद पेटला तर जबाबदारी कोणाची? म्हणून तयारी हवी. गावात जाण्याआधी महिनाभर वर्गात वाचन व्हावं, गट मिसळून करावेत, प्रश्न आधी लिहून काढावेत. आणि स्वयंपाक कोण करतं, भांडी कोण घासतं, पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, हे शिबिराच्या आत आधी तपासावं.

पण 'जुनं' हा शब्द मात्र मान्य करता येत नाही. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका चोवीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाल्याची फिर्याद नोंदवली गेली. चौथ्या कलमाच्या यादीत मिरवणुकीचा हक्क १९५५ पासून आहे. मुखेडहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत बसणाऱ्या कोणत्याही मुलाच्या वयाचा तो तरुण होता. न बोलल्यामुळे जुन्या गोष्टी विसरल्या जातात असं नाही. त्या दोन वस्त्यांत दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितल्या जातात, आणि दोन्हीकडची मुलं आपापली गोष्ट घेऊन एकाच बाकावर येऊन बसतात. त्यांना एकत्र बसवून, कागदावर तारखा मांडून, हे कोणीतरी शिकवायला हवं. नाहीतर ते काम व्हॉट्सअ‍ॅप करतंच आहे.

यासाठी नवा अभ्यासक्रम, नवा निधी किंवा सरकारी परिपत्रक लागत नाही. शिबिर आहे, गाव आहे, फावडी आहेत, सात दिवस आहेत. अहवालात 'काढलेला गाळ' या रकान्याशेजारी पट्टीने एक उभी रेघ मारायची आणि वर लिहायचं: 'ही विहीर सर्वांना कधी खुली झाली? कोणी केली?' काही गावांत उत्तर सापडेल, त्यात एखादं नाव असेल, आणि त्या नावाची नातवंडं कदाचित शिबिरातच असतील. काही गावांत रकाना रिकामा राहील. तसा तो रिकामा ठेवून अहवाल कॉलेजला द्यावा, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने तिथून सुरुवात करावी.